व्हिडिओ शूटिंगचे दर, कॅमेरे आणि बाकीचं सामान: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

इंदुरात गेली बारा वर्षं मी स्वतंत्रपणे व्हिडिओचं काम करतो. मुंजी, लग्नं, सहस्रचंद्रदर्शनं, नृत्याचे कार्यक्रम, नमकीनवाल्यांच्या आणि छोट्या कारखान्यांच्या फिल्म्स असं सगळं. गरज असेल तसा दुसरा कॅमेरामन आणि साउंडचा माणूस सोबत घेतो. फोनवर रोज तेच तेच प्रश्न येतात. घाईत अर्धवट उत्तर दिलं गेलं की पुढे गैरसमज होतात, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. खालचे दर माझे आहेत, दुसऱ्यांचे वेगळे असू शकतात.

एका दिवसाचे किती घेता?

पूर्ण दिवस म्हणजे दहा तास, एक कॅमेरा आणि तो चालवणारा मी: १२,००० रुपये. अर्धा दिवस, पाच तासांपर्यंत: ७,०००. दुसरा कॅमेरा त्याच्या माणसासकट दिवसाला ७,०००. दोन कॉलर माईक आणि रेकॉर्डर यातच आले, त्याचे वेगळे पैसे नाहीत. लाइटचा संच लागला तर २,०००. फक्त आवाज सांभाळायला वेगळा माणूस हवा असेल तर ४,०००. एडिटिंग दिवसाला ३,५००. शहराबाहेर गाडीचे किलोमीटरला १४ रुपये, जाऊन-येऊन.

तास मी तुमच्या दारात पोचलो की सुरू होतात. मुंजीला पहाटे साडेपाचला बोलावलंत तर माझा दिवस दुपारी साडेतीनला संपतो. त्यापुढे तासाला १,०००. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पंगत उठेपर्यंत थांबायला मला आवडतंच, पण माझ्याबरोबर आलेल्या मुलाला त्याच्या तासांचे पैसे मिळायला हवेत.

फोनवर एकूण आकडा का सांगत नाही?

कारण काम कशासाठी आहे हे कळल्याशिवाय आकडा सांगितला तर तो चुकतो, आणि मग एकतर तुमचं नुकसान होतं किंवा माझं. तीन मिनिटांची फिल्म दुकानाच्या पडद्यावर चालणार, इन्स्टाग्रामवर जाणार की परदेशातल्या खरेदीदाराला पाठवायची, यावर सगळं ठरतं.

एक उदाहरण देतो. नमकीन तयार करणाऱ्या एका कुटुंबाला तीन मिनिटांची फिल्म हवी होती. आधी कारखाना पाहून आलो, शहरातल्या भेटीचे पैसे मी घेत नाही. शूटचा एक दिवस १२,०००, दुसरा कॅमेरा ७,०००, लाइट २,०००, एडिटिंगचे पाच दिवस १७,५००, संगीताचं लायसन्स १,५००, निवेदकाचा आवाज ३,०००. झाले ४३,०००. हे सगळं मी कागदावर ओळीने लिहून देतो. आकडा जास्त वाटला तर आपण एकेक ओळ पाहतो. त्यांच्या बाबतीत निवेदन काढून टाकलं आणि घरातल्या आजोबांनाच बोलतं केलं. तीन हजार वाचले आणि फिल्म कितीतरी चांगली झाली. शेव गाळताना झारा कढईवर आपटण्याचा जो आवाज असतो ना, त्याच आवाजाने ती सुरू होते.

शूटपेक्षा एडिटिंगला जास्त पैसे, असं कसं?

तीन मिनिटांच्या फिल्मसाठी सहसा तीन-चार तासांचं फुटेज येतं. ते एकदा पूर्ण पाहावं लागतं, त्याला पर्याय नाही. मग निवड, मग जुळवाजुळव, मग आवाज साफ करणं, दोन्ही कॅमेऱ्यांचा रंग एकसारखा करणं, मराठी आणि हिंदी सबटायटल. माणूस बोलता बोलता अडखळतो, ते वाक्य कापून त्याचं म्हणणं मात्र न बदलता जोडायचं, यात अर्धी सकाळ सहज जाते. मुंजीच्या पूर्ण फिल्मला तीन दिवस धरतो: १२,०००, ७,००० आणि १०,५०० मिळून २९,५००. यात एक लांब फिल्म आणि चार-पाच मिनिटांची हायलाइट असते.

कॅमेरा कोणता वापरता?

सोनी ए७ फोर, दोन बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा). लेन्समध्ये २४-७० आणि ८५ मिलिमीटर. शिवाय चालताना कॅमेरा स्थिर धरणारा डीजेआयचा गिम्बल, दोन एलईडी लाइट, ट्रायपॉड दोन. याहून महागडा कॅमेरा लागलाच तर भाड्याने आणतो आणि भाड्याची पावती तुम्हाला दाखवतो.

त्या कॅमेऱ्यात माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कार्डाचे दोन खाचे. एकाच वेळी दोन्ही कार्डांवर रेकॉर्डिंग होतं. याचं कारण सांगायला हवं. कामाला लागून दुसरंच वर्ष होतं, कॅमेऱ्यात एकच कार्ड मावायचं. एका लग्नात अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, मी समाधानाने घरी आलो आणि कार्ड लॅपटॉपला लावलं तर ते उघडेचना. रिकव्हरीवाल्याकडे दोनदा गेलो, काही हाती आलं नाही. चाळीस मिनिटं गेली. मुलीच्या वडिलांना सांगायला मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते काही बोलले नाहीत, आत जाऊन पाणी घेऊन आले. पैसे परत केले, पण ती चाळीस मिनिटं परत करता आली नाहीत. त्यानंतर एका कार्डाच्या कॅमेऱ्यावर मी कुणाचंही कार्य शूट केलेलं नाही. तुम्ही काम कुणालाही द्या, हा एक प्रश्न मात्र नक्की विचारा: रेकॉर्डिंग दोन कार्डांवर होतं का?

मग दिवसाच्या दरात कॅमेऱ्याचे किती?

हिशोब उघडा आहे. माझ्या सामानाला खरेदीच्या वेळी ५,६०,००० लागले. ते चार वर्षं नीट चालेल असं मी धरतो, आणि वर्षाला साधारण ७० दिवस शूटचे मिळतात. म्हणजे २८० दिवस, म्हणजे दिवसाला २,००० रुपये फक्त सामानाची झीज. उरलेल्या दहा हजारांत माझे श्रम, मदतनीस, पेट्रोल, हार्ड डिस्क, सॉफ्टवेअर, दुरुस्ती आणि चातुर्मासातले ते दिवस जेव्हा लग्नंच नसतात.

फोर-के हवंच का?

टीव्हीवर किंवा मोठ्या पडद्यावर पाहणार असाल तर हो. फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट पिक्सेल असतात, त्यामुळे एडिटिंगमध्ये चौकट थोडी जवळ आणता येते. मी शूट फोर-केमध्येच करतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही. खर्च वाढतो तो साठवणुकीचा. माझ्या सेटिंगमध्ये सेकंदाला १४० मेगाबिट, म्हणजे तासाला ६३ जीबी. दोन कॅमेरे चार-चार तास चालले की ५०४ जीबी. त्याच्या तीन प्रती ठेवायच्या, दोन माझ्याकडे वेगवेगळ्या डिस्कवर आणि एक दुसऱ्या घरी, म्हणजे एका मुंजीला दीड टीबी. लोकांना वाटतं डेटा ठेवायला काय लागतं. हे लागतं.

आवाजावर तुम्ही एवढा भर का देता?

चित्र थोडं अंधुक असलं तरी माणसं पाहतात. आवाज कळला नाही की दोन मिनिटांत बंद करतात. आणि आपल्या घरांतलं खरं धन आवाजात आहे. इंदूरच्या म्हाताऱ्या माणसांची मराठी, तिच्यात मिसळलेली हिंदी आणि माळवी, ती बोलण्याची लय पुढच्या पिढीला दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार?

म्हणून आजी-आजोबांच्या मुलाखतीसाठी माझा वेगळा दर आहे. अर्धा दिवस ७,०००, आणि एडिटिंग दोन दिवसांचं असलं तरी ऐंशीच्या पुढच्या माणसांसाठी एकाच दिवसाचे घेतो. एकूण १०,५००. खोलीतला पंखा बंद करावा लागतो. मे महिन्यात ते अवघड जातं, म्हणून दहा-दहा मिनिटांनी थांबतो. फ्रिजही बंद करायला लावतो, आणि माझ्या गाडीची किल्ली त्या फ्रिजमध्ये ठेवतो, म्हणजे फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय मला घरी जाताच येत नाही. माईक साडीच्या काठाला लावला तर जरीची तार घासते आणि खरखर येते, त्यापेक्षा ब्लाउजच्या गळ्याजवळ टेप लावून बसवला की हातभर अंतरावरून श्वाससुद्धा ऐकू येतो. रामबागेतल्या एका आजी बोलताना सारखी मंगळसूत्राची वाटी चाळवायच्या. ती किणकिण प्रत्येक वाक्यात आली आहे. मुलगा म्हणाला काढून टाका. मी एक भाग काढून दाखवला, दुसरा तसाच ठेवून ऐकवला. त्याने तसाच ठेवायला सांगितला.

मुंजीत माईक कुणाला लावता?

भटजींना आणि वडिलांना. बटूच्या उपरण्याला माईक टिकत नाही. एक गोष्ट मी न विचारता करतो: वडील वस्त्राखाली मुलाच्या कानात गायत्रीचा उपदेश करतात तेव्हा त्यांचा माईक बंद ठेवतो. ते दोघांमधलं आहे. मातृभोजन आणि भिक्षावळ मात्र पूर्ण आवाजासकट घेतो. आत्या, मावश्या मुलाला काय काय म्हणतात ते दहा वर्षांनी ऐकण्यासारखं असतं.

आमच्या पुतण्याकडे चांगला कॅमेरा आहे. त्याने केलं तर?

छोट्या घरगुती कार्याला जरूर करू द्या. फक्त त्या दिवशी तो पुतण्या म्हणून हजर नसेल हे लक्षात ठेवा, फोटोत तो दिसणार नाही आणि जेवायला शेवटी बसेल. त्याला दोन गोष्टी सांगा. एक, आवाजासाठी वेगळा माईक घे. दोन, फ्रेम रेट २५ आणि शटर १/५० ठेव.

हे १/५० काय आहे?

आपली वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूब आणि साधे एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर १/५० असलं, म्हणजे प्रत्येक फ्रेम टिपायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागला, की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके येतात आणि उजेड सारखा राहतो. बरेच मोबाईल मुळात ३० फ्रेमवर असतात, शटर १/६० वर जातं आणि चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात. कार्यालयातला एखादा व्हिडिओ लुकलुकताना पाहिला असेल, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना, म्हणजे रात्री मिरवणुकीने निघणाऱ्या रोषणाईच्या देखाव्यांना, याची खरी परीक्षा असते. हुकुमचंद, मालवा, कल्याण या मिलांची चाकं कधीच थांबली, पण त्यांच्या नावाच्या झांक्या अजून रात्रभर निघतात, आणि प्रत्येक झांकीवर वेगवेगळ्या जातीचे दिवे. काही एलईडी असे असतात की १/५० वरही लुकलुकतात. तिथे शटर थोडं थोडं हलवून पडद्यावर पट्टे थांबतात का ते पाहत राहावं लागतं. झांकीचं रात्रभराचं शूट मी दीड दिवस धरतो.

रंगपंचमीची गेर शूट कराल का?

गेर म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक. करतो, पण दुरून. राजवाड्याकडे येणाऱ्या गर्दीत टँकरमधून पाणी आणि तोफांतून गुलाल उडत असतो. गुलाल इतका बारीक असतो की झूम लेन्सच्या नळीतून आत जातो. म्हणून आधी ओळखीच्या घराची गच्ची किंवा गॅलरी ठरवतो, कॅमेऱ्याला रेनकव्हर, लेन्सवर साधी काच, आणि गल्लीत असताना लेन्स कधीही बदलत नाही. जवळचे शॉट हवे असतील तर छोटा वॉटरप्रूफ अ‍ॅक्शन कॅमेरा काठीला लावून. या शूटला ५,००० जास्त घेतो, कारण नंतर सामान सर्व्हिसला द्यावंच लागतं.

ड्रोन मिळेल का?

जागेवर अवलंबून आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत रेड किंवा यलो झोन असतो, तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही. राजवाडा आणि इंदूरचा पश्चिमेकडचा बराचसा भाग त्यातच येतो. महूला छावणी आहे, तिथे मी ड्रोनचा विचारच करत नाही. परवानगी असलेल्या जागी रिमोट पायलट प्रमाणपत्र असलेला माणूस आणतो, त्याचे दिवसाला ७,०००. २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनला हे प्रमाणपत्र लागत नाही, पण झोनचे नियम त्यालाही आहेत. "सगळेच उडवतात, तुम्हीच का घाबरता" असं ऐकावं लागतं. वरातीच्या डोक्यावर फिरणारं ते यंत्र पडलं तर ज्याच्यावर पडेल ते तुमच्याच घरचं कुणीतरी असेल.

महेश्वर, मांडवला प्री-वेडिंग करायचं असेल तर?

दोन्हीकडे एक दिवस पुरतो, पण निघायचं पहाटे. महेश्वरच्या घाटावर सकाळचा उजेड पहिला दीड तास सुंदर असतो, मग दगड तापतो आणि चेहरेही. मांडवची जहाज महाल वगैरे स्मारकं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहेत, व्यावसायिक शूटला लेखी परवानगी आणि शुल्क लागतं. तो अर्ज बराच आधी करावा लागतो. तुम्ही तारीख ठरवायच्या आधी मला सांगा, नंतर नको.

रील्स त्याच पैशांत मिळतील?

आधी सांगितलंत तर दोन रील्स मिळतील. उभी चौकट वेगळी लावावी लागते. आडव्या शॉटमधून उभी काढली तर नवरा राहतो आणि नवरी कापली जाते.

आवडतं गाणं टाकाल?

घरी पाहायच्या फिल्मसाठी तुमची पसंती विचारतो. यूट्यूबवर टाकायचं असेल किंवा धंद्याची फिल्म असेल तर फक्त लायसन्स घेतलेलं संगीत. सिनेमाचं गाणं टाकलं की व्हिडिओचा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उतरवला जातो. धंद्याच्या बाबतीत कायदेशीर नोटीसही येऊ शकते. घरातलं कुणी पेटी वाजवत असेल तर तेच रेकॉर्ड करू या. तीन-चार वेळा तसं केलंय आणि दर वेळी लोकांनी त्या संगीताबद्दल विचारलं.

व्हिडिओवर हक्क कुणाचा? सगळं फुटेज मिळेल?

कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन फिल्म करून घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क करून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमचा. माझ्या कामाचा नमुना म्हणून मी एखादा तुकडा दाखवू शकतो का, एवढंच करारात विचारतो. नाही म्हणालात तर दाखवत नाही, आणि लहान मुलांचे चेहरे असतील तर विचारतही नाही.

फुटेज हवं असेल तर हार्ड डिस्क तुमची, कॉपी करण्याचे १,०००. माझ्याकडे सहा महिने ठेवतो. सहा महिन्यांनी पुसण्याआधी फोन करतो.

बयाणा किती, आणि तारीख पुढे गेली तर?

तारीख पक्की करताना ४० टक्के, शूटच्या दिवशी ४० टक्के, फिल्म हातात घेण्याआधी २० टक्के. घरात सुतक आलं, कुणी आजारी पडलं तर बयाणा पुढच्या तारखेला वळता करतो, किती पुढे याचं बंधन नाही. पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या कारणाने रद्द झालं तर बयाणा परत मिळत नाही, कारण तोवर त्या मुहूर्ताची बाकीची कामं मी सोडलेली असतात.

बदल दोनदा विनामूल्य. एकाच व्यक्तीने सगळ्यांचं म्हणणं गोळा करून एका कागदावर मिनिट-सेकंदासकट पाठवावं, ही विनंती. काका, मावशी आणि नवरदेव तिघे वेगवेगळं सांगायला लागले की फिल्म महिनाभर अडकते.

बिल मिळेल? जीएसटी?

बिल प्रत्येकाला देतो. माझी वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने जीएसटी लागत नाही. कंपन्यांनी टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र वेळेवर पाठवावं.

फिल्म कशी देता? व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल?

पेनड्राइव्हवर आणि डाउनलोडच्या लिंकवर. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की त्याचा दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. अमेरिकेतल्या लेकीला दाखवायची असेल तर हेच करा.

मला हे काम शिकायचं आहे. आधी काय घेऊ?

कॅमेरा शेवटी घ्या. हातात चांगला फोन असेल तर आधी कॉलर माईक, मग एक बरा लाइट आणि ट्रायपॉड. एडिटिंगसाठी डाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती सुरुवातीला भरपूर आहे. सहा महिने घरातल्या माणसांच्या मुलाखती घ्या, स्वतः कापा, स्वतः ऐका. महागडी बॉडी कर्ज काढून घेतलेली आणि मग कोणत्याही दरात कामं धरावी लागलेली दोन मुलं मी जवळून पाहिली आहेत. दोघांनी वर्षभरात कॅमेरा विकला. लागेल तेव्हा भाड्याने आणा, आणि पहिलं कार्य कुणा अनुभवी माणसाचा मदतनीस म्हणून करा. माझ्याबरोबर यायचं असेल तर या. मदतनीसाला मी पहिल्या दिवसापासून पैसे देतो.

जुन्या कॅसेट उतरवून देता का?

हो. व्हीएचएस आणि मिनीडीव्ही दोन्ही, तासाला ४०० रुपये. पावसाळ्याआधी आणा. कॅसेटच्या छोट्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती कोणत्याही मशीनमध्ये घालून पाहू नका. बुरशी मशीनच्या हेडला लागते आणि टेप तुटते. तशीच कागदात गुंडाळून, उभी ठेवून माझ्याकडे घेऊन या.